रियाझाचा खर्च कोण उचलतं?

(कळवण इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)

पत्रिकेवर विषय छापलाय, 'आजचे शास्त्रीय कलाकार आणि त्यांची कारकीर्द'. ऐकायला जरा सरकारी वाटतो. मी तो एका साध्या प्रश्नावर आणते. तुमच्या घरातली किंवा शेजारची एखादी मुलगी गाण्याच्या क्लासला जाते. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षा देते. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात, म्हणून आईवडीलही खूश असतात. मग एक दिवस ती म्हणते, मला हेच करायचंय. लगेच घरातून प्रश्न येतो, "बरं, पण पोटापाण्याचं काय?"

या प्रश्नाला आपण संगीतातली माणसं फार वाईट उत्तर देत आलो आहोत. एक उत्तर असं, की ही साधना आहे, इथे पैशाचं बोलू नये. दुसरं असं, की आधी पदवी घे, नोकरी बघ, गाणं काय, छंद म्हणून करता येतं. पहिलं उत्तर मुलीला खड्ड्यात घालतं आणि दुसरं तिला दारातूनच परत पाठवतं. मला आज या दोन्ही उत्तरांची तपासणी करायची आहे. त्यासाठी आधी एक सिनेमा घेते, मग आपला गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास, आणि मग कळवणला येते.

सिनेमा म्हणजे चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल'. 'कोर्ट' ज्यांनी केला तेच हे दिग्दर्शक. २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात 'द डिसायपल' मुख्य स्पर्धेत होता. पटकथेचं पारितोषिक मिळालं, समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचंही मिळालं. सिनेमा मराठी आहे. शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या एका साध्या, मध्यम कुवतीच्या तरुणाची ही गोष्ट. नाव शरद नेरुलकर. वडील संगीताचे वेडे, स्वतः गाण्यात काही होऊ न शकलेले. गुरुजी वृद्ध, आजारी, थोर पण फारसे कुणाला माहीत नसलेले. आणि त्या गुरुजींच्याही गुरू 'माई'. त्या कधी पडद्यावर दिसत नाहीत, फक्त त्यांच्या व्याख्यानांची ध्वनिमुद्रणं शरद मोटरसायकलवर रात्री हिंडताना कानात घालून ऐकत असतो. माई सांगतात, या संगीताला तपश्चर्या लागते, लोकांना खूश करायचं नसतं. आवाज सुमित्रा भावे यांचा. इतका शांत आणि अधिकाराचा आवाज, की पटतंच.

सिनेमाचं आधी कौतुक करते, कारण ते मनापासून आहे. गाणं म्हटलं की आपले सिनेमे एक तर चमत्कार दाखवतात, नाहीतर दारू दाखवतात. इथे दिसते पंधरा-वीस श्रोत्यांची बैठक. तानपुऱ्यावर बसलेला शिष्य दिसतो, ज्याचं गाणं कुणी मागत नाही. शरद एका छोट्या कंपनीत काम करतो, जी जुन्या दुर्मीळ गायकांच्या सीडी काढून विकते. पुढे तो शाळेत गाणं शिकवतो. रात्री यूट्यूबवर आपल्याच गाण्याखाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचतो. हे सगळं खरं आहे. या क्षेत्रातल्या कुणीही हा सिनेमा पाहिला की तो गप्प होतो, कारण त्याला स्वतःची कुठली तरी संध्याकाळ तिथे दिसते.

आणखी एक प्रसंग फार महत्त्वाचा आहे. एक जुना संग्राहक बसल्या बसल्या शरदच्या दैवतांची चिरफाड करतो. माई तशा नव्हत्या, गुरुजींचंही तितकं काही नव्हतं, असं बोलत जातो. शरद त्याच्या तोंडावर पेल्यातलं फेकून निघून जातो. दिग्दर्शक कुणाची बाजू घेत नाही, हे चांगलंच आहे. पण मला तिथे एक प्रश्न पडतो आणि तो सिनेमात कुणीच विचारत नाही. माईंचं घर कशावर चालत होतं? मैफली नाहीत, ध्वनिमुद्रणं नाहीत, लोकांसमोर गाणं नाही. ठीक आहे. मग भाडं कोण भरत होतं? दूधवाल्याचं बिल कोण देत होतं? ज्या माणसाला रोजच्या खर्चाची काळजी नाही, त्यानं दुसऱ्याला 'पैशाचा विचार करू नको' म्हणणं सोपं असतं. माईंचा उपदेश हवेत तरंगतो, आणि शरद तो जमिनीवर पाळायला जातो. त्याच्या दुःखाचं अर्धं कारण हे आहे, आणि सिनेमा ते त्याच्या प्रतिभेच्या उणिवेवर ढकलतो.

माझा मुख्य आक्षेप हाच आहे. सिनेमा दोनच जागा ठेवतो. एक तर माईंसारखं शिखर, नाहीतर शरदसारखं अपयश. शाळेत शिकवणं, जुनी ध्वनिमुद्रणं जतन करणं, संसार करणं, हे सगळं पडद्यावर उतरणीसारखं येतं. आता गंमत बघा. गुरुजींचं काम केलंय अरुण द्रविड यांनी. ते मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर यांचे शिष्य, उत्तम गायक, आणि व्यवसायाने केमिकल इंजिनिअर. शरदचं काम करणारे आदित्य मोडक हे शास्त्रीय गायक आणि शिक्षणाने चार्टर्ड अकाउंटंट. म्हणजे सिनेमा ज्या दोन जागा सांगतो, त्यांच्या मधली तिसरी जागा त्याच्या मुख्य नटांनीच आयुष्यात शोधलेली आहे. ती पडद्यावर मात्र नाही.

आता इतिहासाकडे येते. ही तिसरी जागा काही आजची नाही.

नाशिककरांना पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर हे नाव नवं नाही. पंचवटीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे, आयुष्याच्या उत्तरार्धात ते नाशिकला आश्रम करून राहिले. त्यांची भजनं आपण सांगतो, रामधून सांगतो. मी त्यांच्याकडे आज वेगळ्या नजरेनं बघायला सांगते. राजाश्रयावर जगायचं नाही असं ठरवून ज्या माणसानं गवयाच्या पोटाची नवी व्यवस्था उभी करायचा प्रयत्न केला, तो हा माणूस. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, संस्थानाचा आश्रय सोडून निघाले, वाड्याबाहेर लोकांसाठी मैफली केल्या. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, लोकांच्या देणग्यांवर आणि फीवर चालणारं. १९०८ मध्ये मुंबईत आले. तिथे विद्यार्थ्यांना घरी ठेवून, वर्षानुवर्षं शिकवून, त्यातून शिक्षक तयार करायचे आणि गावोगाव पाठवायचे अशी योजना होती. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही त्यांच्याच हाताखालची माणसं.

पुढे काय झालं? मुंबईच्या इमारतीसाठी कर्ज काढलं होतं. मैफली करून, दौरे करून ते फेडत होते. फिटलं नाही. इमारत लिलावात गेली. नंतरचं नाशिकचं पर्व आपण भक्तीच्या रंगात सांगतो. त्याला कर्जाचीही एक बाजू होती, ती आपण सांगत नाही. आणि ती सांगितली तर त्यांचा मोठेपणा कमी होत नाही, उलट नीट कळतो. इमारत गेली, पण शिक्षकाचा पेशा राहिला. १९३१ साली ते गेल्यावर शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज कळवणची मुलगी मध्यमाच्या परीक्षेला बसते ती त्याच मंडळाच्या. म्हणजे 'गाणं शिकवून पोट भरणारा प्रतिष्ठित माणूस' ही जागा कुणीतरी मुद्दाम तयार केलेली आहे. शरद शाळेत शिकवतो ते अपयश असेल, तर पलुस्करांचं आयुष्यही अपयशच म्हणावं लागेल.

दुसरा आधार नाटकाचा. गोविंदराव टेंबे मूळचे हार्मोनियम वाजवणारे. १९११ साली 'मानापमान'च्या चाली त्यांनी दिल्या. आज आपण संगीतकार म्हणतो त्या अर्थानं, नाटकाला नव्या चाली बांधणारा माणूस म्हणून त्यांचं नाव झालं. १९१३ मध्ये बालगंधर्वांबरोबर गंधर्व नाटक मंडळीच्या स्थापनेत होते. १९३२ला 'अयोध्येचा राजा' या प्रभातच्या बोलपटाचं संगीत केलं, त्यात हरिश्चंद्राचं कामही केलं. पेटी, नाटक, सिनेमा, लेखन असे एकाच माणसाचे चार व्यवसाय. यात कुणाला तडजोड दिसत असेल, तर त्यानं त्या चाली पुन्हा ऐकाव्यात.

आणि त्या नाटकांवर किती गवयांची घरं चालली! सवाई गंधर्व, मास्टर कृष्णराव, नंतरच्या काळात वसंतराव देशपांडे. बोलपट आला आणि हा आधार खिळखिळा झाला. स्वतः बालगंधर्व कर्जात बुडाले. म्हणजे प्रतिभा तीच, लोकप्रियता तीच, फक्त खालची व्यवस्था सरकली. एखाद्या कलाकाराचं काय झालं हे बघताना त्याच्या गळ्याइतकंच त्याच्या काळातल्या तिकीटबारीकडे बघावं लागतं, ते यासाठी.

तिसरा आधार आकाशवाणीचा. संस्थानं विलीन झाली, दरबार संपले. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. सिनेमाची गाणी रेडिओवरून हटवली म्हणून लोक त्यांना अजून नावं ठेवतात, आणि तो निर्णय हट्टीच होता. पण त्याच काळात संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, स्वरचाचणी आणि श्रेणीची पद्धत बसली. बी, बी-हाय, ए, टॉप. या श्रेणीमुळे गावातल्या तबलजीलाही वर्षातून काही ठरलेले कार्यक्रम, ठरलेलं मानधन मिळू लागलं. शिवाय नोकऱ्या होत्या. जितेंद्र अभिषेकी मुंबई आकाशवाणीवर होते. प्रभा अत्रे आकाशवाणीवर होत्या. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडच्या केंद्राचे संगीत सल्लागार होते. मन्सूरांना देशभर मान मिळाला तो बराच उशिरा, उतारवयात. तोपर्यंत त्यांना कुणी तगवलं? थोडं ग्रामोफोन कंपनीनं, थोडं रेडिओनं, बाकी धारवाडनं.

चौथा आधार, साधी नोकरी. वसंतराव देशपांडे पुण्यात मिलिटरी अकाउंट्सच्या कचेरीत कित्येक वर्षं कारकुनी करत होते. १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आलं, तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. या गोष्टीचा शेवट इतका सुंदर आहे की आपण मधली कचेरी विसरतो. पण ती विसरू नये. नोकरीनं घर चालवलं हे खरं, आणि गळ्याच्या उमेदीची वर्षं खाल्ली हेही खरं. मी नोकरीचं गुणगान करायला उभी नाही. तिची किंमत किती होती, एवढंच सांगतेय.

आणि पाचवा आधार, जो कधीच मोजला जात नाही. घरातली दुसरी व्यक्ती. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयानं आजारी होऊन देवासला गेले. काही वर्षं गाणं पूर्ण बंद. त्या काळात भानुमतीबाई शाळेत नोकरी करत होत्या. आपण सांगतो की अंथरुणावर पडल्या पडल्या कुमारजींनी माळव्याची लोकगीतं ऐकली, त्यातून नवे राग निघाले. सगळं बरोबर. पण त्या अंथरुणाशेजारी कुणाचा तरी पगार होता. संगीताच्या इतिहासात ही ओळ लिहिली पाहिजे.

आता रचनाकारांविषयी बोलते. आपल्याकडे गाणाऱ्याला निदान बिदागी मिळते. बंदिश बांधणाऱ्याला काय मिळतं? बंदिशीत एखादं टोपणनाव घालता येतं, तेवढंच. भातखंडे 'चतुर', रातंजनकर 'सुजान', जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणिदास'. भातखंडे स्वतः वकील. त्यांनी क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत शेकडो चिजा स्वरलिपीत छापल्या, म्हणून त्या टिकल्या. कुमारजींनी १९६५ मध्ये 'अनूपरागविलास' काढलं. प्रभाताईंनी आपल्या बंदिशी नोटेशनसह पुस्तकांतून प्रसिद्ध केल्या. हे ज्यांनी केलं ते फार दूरचं बघणारे लोक होते, कारण कायदा मौखिक माणसाच्या बाजूनं नव्हता.

बघा, १९५७च्या कॉपीराइट कायद्यात 'संगीतकृती'ची व्याख्या अशी होती, की ती छापलेली किंवा लिहून ठेवलेली असली पाहिजे. आपली सगळी परंपरा तोंडी. म्हणजे गळ्यातून गळ्यात गेलेली बंदिश कायद्याच्या दृष्टीनं कृतीच नव्हती. ही व्याख्या १९९४मध्ये बदलली. तरी अडचण संपली नाही. मागच्या वर्षांतलंच उदाहरण घ्या. डागर घराण्याची 'शिवस्तुती' आणि ए. आर. रहमान यांचं 'पोन्नियिन सेल्वन'च्या दुसऱ्या भागातलं गाणं, यावरून दिल्ली उच्च न्यायालयात दावा झाला. एप्रिल २०२५ मध्ये एका न्यायाधीशांनी डागरांच्या बाजूनं अंतरिम आदेश दिला, सप्टेंबरमध्ये खंडपीठानं तो रद्द केला. खंडपीठाचा मुद्दा असा, की एखादी रचना कुणी गायली यावरून ती त्यानंच बांधली असं सिद्ध होत नाही. कायद्याच्या अंगानं हे समजण्यासारखं आहे. पण संगीताच्या अंगानं विचार करा. आपली परंपरा गाण्यालाच पुरावा मानत आली, आणि कोर्टात तोच पुरावा पुरत नाही. म्हणून मी तरुण रचनाकारांना सांगते, बंदिश बांधली की तारीख घालून लिहा, ध्वनिमुद्रित करा. यात कसला अहंकार नाही. शेतकरी सातबारा सांभाळतो, तसंच हे.

आणि पाश्चात्त्य पद्धतीनं रचना करणाऱ्यांची कथा फार वेगळी आहे असं समजू नका. मुंबईचे वनराज भाटिया लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकले, पॅरिसला नादिया बूलांझे यांच्याकडे शिकले. भारतात त्या संगीताला कोण पैसे देणार? त्यांनी जाहिरातींच्या हजारो जिंगल केल्या, श्याम बेनेगलांचे सिनेमे केले, 'तमस'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हातारपणी औषधोपचाराला पैसे नाहीत अशा बातम्या आल्या, लोकांनी वर्गणी काढली. २०२१ मध्ये ते गेले. एवढं शिक्षण आणि एवढा मान असूनही शेवटी हीच अवस्था आली, कारण निवृत्तीनंतरचं काही आपण या व्यवसायात बांधलेलंच नाही.

बायकांच्या कारकिर्दीबद्दल स्वतंत्र बोलायला हवं. किशोरी आमोणकर म्हटलं की पहिली गोष्ट काय निघते? त्यांचा लहरीपणा. मैफल उशिरा सुरू केली, आयोजकांवर चिडल्या, श्रोत्यांना झापलं. पण त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे, की आई मोगूबाईंना दौऱ्यांवर कशी वागणूक मिळायची, कुठे उतरवलं जायचं, हातात काय ठेवलं जायचं, ते त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. तेव्हाच ठरवलं, की हे मी सहन करणार नाही. हे कळल्यावर त्या 'लहरी'कडे बघा. पूर्ण मानधन, राहायची नीट सोय, शांत प्रेक्षागृह. दुसऱ्या कुठल्याही व्यवसायात याला कामाच्या अटी म्हणतात. गायिकेनं मागितलं की नखरे म्हणतात. सगळ्याच किश्श्यांचं समर्थन मी करणार नाही. पण समीक्षकांनी किस्से लिहिले आणि कारण लिहिलं नाही, ही समीक्षेची उणीव आहे.

याउलट प्रभा अत्रे. विज्ञान शिकल्या, कायदा शिकल्या, सरगमवर डॉक्टरेट केली. सुरुवातीला संगीत नाटकांत कामं, मग आकाशवाणी, मग एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख. या सगळ्याबरोबर मैफली, नवे राग, बंदिशी, पुस्तकं, आणि पुण्यात गुरुकुल. २०२४च्या जानेवारीत गेल्या, तेव्हाही गाण्याच्या कार्यक्रमाच्या तयारीत होत्या. त्यांच्या गाण्याचं कौतुक सगळे करतात. मला वाटतं त्यांच्या कारकिर्दीचाही अभ्यास व्हावा, एक बांधलेली वस्तू म्हणून. एकही आधार पुरेसा नाही हे त्यांनी ओळखलं आणि चार आधार जोडून घेतले.

आता कळवण. तुम्ही म्हणाल, मॅडम, हे सगळं पुण्या-मुंबईचं झालं. खरंय. कुणी तरी लगेच देवासचं उदाहरण देतं, कुमारजी छोट्या गावात राहून मोठे झाले की! ते उदाहरण सांत्वन म्हणून वापरू नका. कुमारजी देवासला गेले ते नाव झाल्यावर. लहानपणीच देशभर गाजले होते, मुंबईत देवधरांकडे शिकले होते. गावात राहता येतं, पण ओळख आधी शहरात मिळवावी लागते, हा त्यातला धडा आहे. धारवाड-हुबळीचंही तसंच. तिथे रेल्वे होती, रेडिओ केंद्र होतं, आसपास गुरू होते. कळवणला रेल्वे नाही. नाशिक सत्तर-ऐंशी किलोमीटर. आठवड्यातून दोनदा तालमीला जायचं म्हटलं तर एसटीचा पास, दोन पूर्ण दिवस, आणि घरी कांद्याचं काम असेल तर तेही बुडतं. प्रतिभेचा प्रश्न नंतर येतो. आधी एसटीचा येतो.

पण कळवणला संगीत नाही असं कुणी म्हणालं तर मी ऐकणार नाही. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो, पावरी वाजते. कोकणा समाजात पावरी वाजवणाऱ्याशिवाय तो उत्सव होतच नाही. सप्तशृंग गडावर चैत्रात आणि नवरात्रात संबळ वाजते, खानदेशातून माणसं चालत येतात. प्रत्येक गावात भजनी मंडळ आहे, पखवाज आहे, पेटी आहे. या वादकांची कमाई मोठी आहे असं मी म्हणत नाही. पण त्यांची एक गोष्ट शास्त्रीय गायकाकडे नाही. त्यांची गरज आहे. त्यांच्यावाचून गावाचं काहीतरी अडतं. शास्त्रीय गायकावाचून कुणाचं काय अडतं? हा प्रश्न कडू आहे, पण विचारायला हवा. पलुस्करांनी भजन आणि शाळा यांतून ती गरज निर्माण केली. टेंब्यांनी नाटकातून. आपण काय केलं? परीक्षा घेतल्या. दहावी झाली की पेटी कपाटावर.

आज काय आहे? रेडिओवरच्या नोकऱ्या आटल्या. संगीत नाटक जवळजवळ संपलं. मोठे महोत्सव आहेत, १९५३ पासून चालू असलेला सवाई गंधर्व आहे, हजारो लोक येतात. पण महोत्सवाला ठरावीक नावं लागतात. वरची पायरी शाबूत आहे, खालची क्लासची पायरीही आहे, मधल्या पायऱ्या निखळल्या. चाळीस-पन्नास माणसांची बैठक, नाव नसलेला पण तयार गायक, साथीदारांना नीट पैसे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच बोलावलेला, हे कमी झालं. यूट्यूबवर ऐकणारे वाढले, ऑनलाइन शिकवण्या वाढल्या, परदेशातली मराठी मुलं शिकतात, त्यातून अनेकांची घरं चालतात. ती चांगली गोष्ट आहे. पण शिष्य पडद्यावर सापडतो, मैफल नाही.

म्हणून शेवटी त्या मुलीच्या घरच्यांना माझं उत्तर सांगते. गाण्यावर पोट भरतं का? फक्त गाण्यावर फार थोड्यांचं भरलं, पलुस्करांचंही नीट भरलं नाही. गाण्याभोवतीच्या कामांवर मात्र पुष्कळांचं भरलं, आणि त्यांनीच हे संगीत इथवर आणलं. तिला शिकवायला शिकवा. लिहायला, ध्वनिमुद्रण करायला, हिशेब ठेवायला शिकवा. आणि तिनं पहिली मैफल केली की नारळ-शाल देऊन मोकळे होऊ नका.

निवडक प्रश्नोत्तरं

प्रश्न : मॅडम, तुम्ही म्हणता चार कामं करा. पण मग रियाझ कधी करायचा? एकच गोष्ट धरून ठेवल्याशिवाय उंची येते का?

उत्तर : बरोबर विचारलंत, आणि याचं गुळगुळीत उत्तर मी देणार नाही. चार कामांत रियाझ मागे पडतो, उंचीवर परिणाम होतो. वसंतरावांची वर्षं गेली, हे मी म्हटलंच. म्हणून सगळा भार कलाकारावर टाकू नये. त्याची चारातली दोन कामं कमी होतील इतकी सोय आपण ऐकणाऱ्यांनी केली, तर तो जास्त रियाझ करेल. तोवर त्याला 'एकनिष्ठ राहा' असं सांगायचा अधिकार आपल्याला नाही.

प्रश्न : टीव्हीच्या स्पर्धांमुळे नाव होतं, कार्यक्रम मिळतात. 'द डिसायपल'मध्ये त्याची थट्टाच केली आहे. तुमचं मत?

उत्तर : थट्टा थोडी सोपी झाली आहे, असं मला वाटतं. सतरा वर्षांच्या मुलीला कुणी मंच दिला तर ती जाणारच. तिला तिथे पाठवणाऱ्या घराची परिस्थितीही बघा. वाईट हे आहे, की त्या मंचावरून परत तालमीला यायची वाट कुणी ठेवत नाही. दोन वर्षांनी नवा चेहरा येतो, जुन्याचं पुढे काय झालं ते कुणी विचारत नाही.

प्रश्न : आम्ही इथे वर्षाला एखादा कार्यक्रम करू शकतो, गणपतीत किंवा नवरात्रात. पैसे फार नसतात. काय करावं?

उत्तर : एक मोठं नाव आणण्यापेक्षा दोन छोट्या बैठका करा. आकडा आधी ठरवा, लेखी ठरवा, आणि तबला-पेटीवाल्यांचे पैसे गायकाच्या पाकिटात न घालता वेगळे द्या. तोच कलाकार पुढच्या वर्षी पुन्हा बोलवा. आणि सुरुवातीला अर्धा तास तुमच्या तालुक्यातल्या पावरी किंवा संबळ वाजवणाऱ्याला द्या, तितक्याच मानानं, आणि त्यालाही पाकीट द्या. तुमच्याकडे मंडप आहे, माणसं आहेत, त्या रात्री लोक बसायला तयार आहेत. पुण्याच्या आयोजकाला एवढ्यासाठी जाहिरात करावी लागते.